गार कपाळांची रांग

मित्रांनो, सामानाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेला जो जुना पंखा तुम्हाला दिसतो आहे ना, तो मी. मी साधासुधा पंखा नाही बरे का. माझ्या पोटाखाली पाण्याची टाकी आहे आणि तोंडाभोवती बारीक भोकांची नळी आहे. मी फिरू लागलो की वाऱ्याबरोबर पाण्याचे तुषार उडतात आणि भर उन्हातला माणूसही गार होतो. आता माझी टाकी कोरडी आहे आणि पात्यांवर कोळ्यांनी बिऱ्हाड केले आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. मला सलते ते वेगळेच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाने पाती बसवली, एकाने नळी आणि एकाने टाकीची चाके. शेवटी तपासणाऱ्याने मला चालू केले तेव्हा त्याच्याच तोंडावर पाणी उडाले आणि तो हसला. मला वाटले, आपल्याला जन्मभराचे काम सापडले. मग एका मोठ्या पार्कने मला विकत घेतले. तिथे आकाशपाळणा होता, पाण्याच्या घसरगुंड्या होत्या आणि माणसांना उलटेसुलटे करणारी एक आगाऊ गाडी होती. मला आकाशपाळण्याच्या रांगेपाशी उभे केले. मुले माझ्या तोंडाशी येऊन 'आ' करत आणि आपलाच आवाज थरथरताना ऐकून खिदळत. आज्या चष्मे पुसता पुसता दमून जात, पण माझ्यासमोरून हलत नसत. त्या दिवसांत मी फार भाव खात असे.

पार्कमधले वायरमन माझी काळजी घेत. त्यांना सगळे मामा म्हणत. नळीतली भोके बुजली की मामा सुई घेऊन एकेक भोक मोकळे करत आणि तोंडाने माझ्याशी बोलत राहत. "चल राजा, नाक साफ झालं, आता शिंक," असे म्हणून ते बटण दाबत.

मग साथ आली आणि पार्कला कुलूप लागले. आकाशपाळण्याच्या डब्यांत पक्ष्यांनी घरटी केली. मामा अधूनमधून येऊन यंत्रे फिरवून बघत, पण त्यांचेही माझ्याशी बोलणे कमी झाले होते. गाजणाऱ्या जागेला शांतता सोसत नाही, हे मला तेव्हा कळले.

पार्क पुन्हा उघडायचे ठरले त्या सकाळी पहारेकऱ्याच्या खोलीत रेडिओ चालू होता. रेडिओ सांगत होता की रुग्ण वाढत चालले आहेत. आणि बाहेर पार्कचे साहेब सांगत होते की उद्यापासून फाटक उघडायचे. दोघेही एकाच वेळी बोलत होते, आणि आम्ही सगळ्यांनी साहेबांचे ऐकले.

साहेबांनी नियम केले. प्रत्येकाच्या तोंडाला मास्क हवा, रांगेत अंतर हवे आणि फाटकावर प्रत्येकाचा ताप बघायचा. ताप बघायला पिस्तुलासारखे एक यंत्र आणले होते. कपाळासमोर धरले की हिरवा नाहीतर तांबडा दिवा लागायचा. तिकीटखिडकीवर बसणाऱ्या ताईला आता ते यंत्र घेऊन फाटकावर उभे राहायचे होते. ती साहेबांकडे गेली.

"साहेब, घरी आईला दमा आहे. मला आतलं काही काम देता का?"

"अगं, गेटइतकी सेफ जागा नाही. ताप असलेला माणूस आत येणारच नाही. आणि तुम्हा सगळ्यांनाही रोज सकाळी तपासायचं. मग घाबरायचं कशाला?"

ताईला नाही म्हणणे परवडणारे नव्हते. तिने काम घेतले आणि घरात आपले अंथरूण स्वयंपाकघरात हलवले. आई बाहेरच्या खोलीत एकटी झोपू लागली. ताई ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायची. जेवणाच्या सुट्टीत ती आईला फोन करायची, म्हणून हे सगळे मला माहीत आहे. "थोडे दिवस थांब गं," ती सांगायची. "मशीन रोज हिरवं यायला लागलं, की येते तुझ्याजवळ."

पहिल्याच दिवशी फाटकावर गोंधळ झाला. रांग उन्हात होती. लोक तापलेली कपाळे घेऊन ताईसमोर येत आणि यंत्र ज्याला त्याला तांबडा दिवा दाखवी. मुले रडू लागली, बाप हुज्जत घालू लागले. एक गृहस्थ डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "अहो बाई, टक्कल तापलंय, मी नाही तापलो." साहेब कचेरीच्या खिडकीतून उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे हातवारे करत होते. ताई रडकुंडीला आली.

तेव्हा मामा म्हणाले, "आकाशपाळण्याजवळचा पंखा इथं आणतो. लोक जरा गार होतील, आणि हे यंत्रही वेड्यासारखं करायचं थांबेल."

त्यांच्या मनात काही वावगे नव्हते. उन्हातल्या माणसाची दया, एवढेच. त्यांनी मला ढकलत आणले आणि ताईच्या अलीकडे, रांगेच्या तोंडाशी उभे केले. लोक माझ्यासमोर थांबत, डोळे मिटून चेहरा गार करून घेत आणि मग ताईसमोर कपाळ करत. हिरवा दिवा लागे. पुढच्याचाही हिरवा. रांग सरसर सरकू लागली. साहेब स्वतः खाली आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात डोकं," ते मामांना म्हणाले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी माझी गत झाली. मी आणखी जोराने पाणी उडवू लागलो.

मित्रांनो, ऊन उतरले की कपाळ गार होते, हे खरेच आहे. पण ताप असलेले कपाळही माझ्यासमोर गारच होत होते. हे त्या फाटकावर कुणाच्या ध्यानात आले नाही. तांबडा दिवा एकदाही लागेना, याचे कुणालाच नवल वाटले नाही. उलट सगळे खूश होते.

एका दुपारी एक बाप मुलीला खांद्यावर टाकून आला. तिचे डोळे लाल होते आणि मान कलली होती. त्याने तिचा चेहरा माझ्याकडे वळवला. "ऊठ ना बाळा, किती दिवसांनी आलोय आपण," तो म्हणाला. मी तिला गार केले. तिने डोळे उघडले, हिरवा दिवा लागला आणि ताईने वाकून तिच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली. मुलगी मास्क खाली ओढून खोकली. पुढे जे झाले ते तिच्यामुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. रांग लांब होती आणि मी सगळ्यांनाच गार करत होतो.

कामगारांची तपासणीही माझ्यासमोरच होई. ताई सकाळी स्टॉपवरून चालत घामाघूम होऊन यायची. मामा मला सुरू करायचे, ती क्षणभर समोर उभी राहून घाम सुकवायची आणि मग मामा तिच्या कपाळासमोर यंत्र धरायचे. हिरवा दिवा लागला की ती लगेच आईला कळवायची. असे काही दिवस गेल्यावर तिचा धीर वाढला. तिने अंथरूण पुन्हा बाहेरच्या खोलीत आणले. ती आईच्या शेजारी बसून जेवू लागली, तिच्या छातीला मलम चोळू लागली. हे मामांना सांगताना तिचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की मला वाटले, हे सुखही माझ्याच वाऱ्याने आणले.

मग एका सकाळी ती आली ती पाय ओढत.

"अंग मोडून आलंय, मामा."

"दिवसभर उभी असतेस, दुसरं काय होणार. ये, बघू."

ती माझ्यासमोर उभी राहिली. माझे पाणी अंगावर येताच तिला शिरशिरी आली, पण ती सरकली नाही. मी माझे काम केले. दिवा हिरवा लागला. मला थांबता आले असते तर मी थांबलो असतो, असे आता वाटते. पण खरे सांगायचे तर त्या सकाळी मला काही कळलेच नव्हते. दुसऱ्या दिवशीही तेच झाले.

तिसऱ्या दिवशी ताई आली नाही. मामांचा फोन वाजला. फोन ताईचा होता. ताई डॉक्टरकडे गेली होती आणि तिथे तिच्या काखेत लावलेल्या साध्या थर्मामीटरने चांगलाच ताप दाखवला होता. आईलाही धाप लागली होती. ताई एकच विचारत होती, "मामा, काल सकाळी तर हिरवं आलं होतं ना?"

मामांनी फोन ठेवला. पंपाच्या खोलीत त्यांचा चहा किटलीत गरम होता. त्यांनी किटली आणून यंत्रासमोर धरली तेव्हा तांबडा दिवा लागला. मग त्यांनी ती माझ्यासमोर धरली. मी तिच्यावर पाणी उडवले, वारा घातला. पुन्हा यंत्र धरले तर दिवा हिरवा. मामांनी झाकण उघडले. आतून वाफ येत होती. त्यांनी माझे बटण बंद केले.

साहेब आले. "पंखा का बंद केलास? रांग बघ किती झालीय."

"साहेब, याच्यामुळे ताप कळतच नाही. आपण आजारी माणसं आत सोडली."

साहेबांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "आता हे चारचौघांत बोलू नकोस. आजचा दिवस जाऊ दे."

मामांनी माझी वायर भिंतीतून उपटली आणि मला ढकलत या खोलीत आणले. थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला आणि पार्कही पुन्हा बंद झाले.

ताई बरी झाली. तिची आई दवाखान्यातून परत आली नाही.

आपले सामान न्यायला ताई आली तेव्हा मामा या खोलीत तारा गुंडाळत होते. तिला पाहून त्यांनी तारा खाली ठेवल्या. मग मामा म्हणाले, "पंखा मी आणला होता. तुझ्यासमोर उभं राहायची मला लाज वाटते."

"तुम्ही लोकांचं ऊन बघितलंत, मामा," ताई म्हणाली. मग ती सांगू लागली. "आईनं माझ्या कपाळाला हात लावला होता. जेवताना. म्हणाली, तुझं अंग तापलंय गं. मी तिचा हात बाजूला केला. म्हटलं, मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का? आणि तिच्याच ताटातला घास घेतला."

मामांना रडू आवरेना. ती दोघे आपापला दोष सांगत राहिली. माझ्या वाट्याला त्यांनी काहीच ठेवले नाही. पंख्याला कोण बोलणार?

म्हणून मीच बोलतो आहे. मित्रांनो, मला पुसून चालू करा असे माझे मागणे नाही. केलेच, तर मला उन्हात खेळणाऱ्या मुलांसमोर ठेवा. ताप बघायच्या जागी मात्र ठेवू नका. तिथे माणसाला आधी सावलीत निवांत बसू द्या आणि मगच त्याचे कपाळ बघा. दिवा हिरवा लागला तरी अंग दुखत असेल तर घरी थांबा. आणि घरातले कुणी तुमच्या कपाळाला हात लावून "तापलंय" म्हणाले, तर तो हात बाजूला करू नका. ताईच्या आईचा हात खरे सांगत होता. खोटे मी बोललो.