गोल ठिपका, वाकडा ठिपका

"साहेब, संत्र्याले टोचनारा पतंग आमच्याच निंबावर जलमला, हे त्यानं तुमाले येऊन सांगतलं का?"

करिष्मानं विचारलं आणि ग्रामपंचायतीच्या टिनाखाली बसलेली सगळी माणसं वळून बघायला लागली. मागच्या सतरंजीवर तिच्या मैत्रिणीनं, आसमानं, ओढणीत तोंड खुपसलं. पैज तिनंच लावली होती, "तू विचारून दाखव, हप्ताभर तुही बॅग मी उचलते का नाही पाह्य." करिष्माचा बाप गोपाल मात्र मान खाली घालून नखानं सतरंजीचा धागा उसवत बसला.

गोष्ट निंबाची होती. शेजारच्या शेषरावांच्या बगिच्यात संत्री पिकायच्या आधीच गळून चिखलात पडत होती. प्रत्येक फळाला सुईनं टोचल्यासारखं भोक आणि भोवती नासका डाग. कृषी खात्याचे साहेब आले, त्यांनी सांगितलं, हा पतंग दिवेलागणीला येऊन रस पितो, पण त्याची अळी संत्र्यावर कधीच राहत नाही. ती गुळवेल, वसनवेल असल्या वेलींवर वाढते. शेषरावांनी तेवढंच उचललं. गोपालच्या धुऱ्यावर, दोघांच्या वावरांमधल्या बांधावर, उभ्या कडूनिंबाला गुळवेल चढलेली सगळ्या गावाला ठाऊक होती.

"येल तोडला तं पुन्हा फुटते," शेषराव म्हणाले. "निंबच पाडा." निंबाची सावली त्यांच्या संत्र्याच्या काठच्या ओळीवर पडायची, त्याचं दुखणं जुनंच. आणि गोपालच्या हरभऱ्याला पाणी शेषरावांच्या विहिरीतून यायचं, त्यामुळे गोपालनं होकाराची मान डोलावली. झाड पाडायचं काम लाकडाच्या धंद्यातल्या गफ्फारनं घेतलं. हा गफ्फार म्हणजे आसमाचा बाप.

साहेब हसले. "नाही सांगितलं. पण त्याला विचारता येतं. या पतंगांच्या दोन-तीन जाती आहेत. मिटून बसले की सगळे वाळक्या पानासारखे, नुसत्या फोटोवरून मलाही सांगता येत नाही. मागचे पंख उघडून बघायचे. ते नारिंगी असतात. एका जातीत त्यावर काळा गोल ठिपका, दुसरीत चंद्रकोरीसारखा वाकडा. तू अळ्या पाळ, पतंग निघू दे, मग बोल."

"पोरीले शाळेत अभ्यास कमी देऊन राह्यले वाटते, गोपाल," शेषराव म्हणाले. टिनाखाली हशा पिकला.

करिष्मा घरी आली ती तणतणतच. दुसऱ्या दिवशी गुळवेलीवर अळ्या सापडल्या. मखमलीसारख्या काळपट, अंगावर मोठाले खोटे डोळे. काडी लावली की डोकं पोटाशी घ्यायची आणि शेपूट वर करायची.

"ही अयी हाय का सापाचं पिलू?" तिची माय वंदना चार हात लांबूनच बोलली. "अन् लोनच्याची बरनी घेशीन तं पाह्य."

"लोनचं वाटीत काढलं, माय."

"वाटीत काढलं. अन् वाटी कोनाची?"

दुसऱ्या बरणीसाठी अळ्या शोधत करिष्मा आणि आसमा शेषरावांच्याच बगिच्याच्या पल्याडच्या कुपाटीत, काटेरी कुंपणात, शिरल्या. तिथं बाभळीवर वसनवेल अशी माजली होती की बाभूळ शोधावी लागावी. शेषराव आलेच.

"काय चोरून राह्यल्या वं पोरीहो?"

"अया चोरून राह्यलो, काका. मोजून ठेवल्या का तुमी?"

अळ्यांनी पानं गुंडाळून आत कोष केले आणि पाऊस लागला. काळ्या मातीचा असा राडा झाला की चप्पल पायातून निघून मागंच राहायची. सोयाबीनच्या शेंगा भरायचे दिवस, गाव आभाळाला शिव्या देत होतं. करिष्माही तोंड पाडून बसायची, पण आतून तिला बरं वाटायचं. वावरात गफ्फारचा ट्रॅक्टर येणार कसा?

"बेटा, ट्रॅक्टर फसला तं निंबाच्या आधी तोच विका लागन," गफ्फार म्हणाला. "मातीले सुकू दे."

माती सुकायच्या आत निंबावरच्या अळ्यांच्या बरणीतला पतंग निघाला. करिष्माला खात्री होती, हा वेगळाच असणार, बगिच्यातल्याशी याचं नातंच नसणार. तिनं हलक्या बोटांनी पंख उघडला. नारिंगी. मधोमध काळाभोर गोल ठिपका. संध्याकाळी दोघी बॅटरी घेऊन बगिच्यात गेल्या. संत्र्याला सोंड खुपसून बसलेला पहिलाच पतंग धरला. त्यालाही गोल ठिपका.

"बाई, हा तं आपलाच निंगाला," आसमा कुजबुजली. "बरनी ठेव गुपचूप. कोनाले समजते?"

करिष्मानं बॅटरी पुढच्या फळावर नेली. ती म्हणाली, "मले समजते ना. तो दुसरा धर."

दुसऱ्याचा पंख उघडला. ठिपका वाकडा. आणि दोनच दिवसांनी शेषरावांच्या कुपाटीतल्या बरणीतून तसाच वाकड्या ठिपक्याचा पतंग निघाला.

उघडीप पडली तसा गफ्फार झाड कापायची मशीन घेऊन धुऱ्यावर येऊन उभा राहिला. गोपाल, वंदना, शेषराव सगळे तिथंच. करिष्मा दोन्ही बरण्या छातीशी धरून निंबाला पाठ लावून उभी राहिली.

"काका, आमच्या येलावरचा पतंग तुमचं फय टोचते. कबूल."

"मंग सरक की बाजूले," शेषराव म्हणाले.

"आता तुमचा पाहा." तिनं दुसरी बरणी पुढं केली. "हा तुमच्या कुपाटीत जलमला, तुमच्याच बाभयीवर. हाबी संत्र्यावर बसते, आमी धरला. निंब पाडाचा तं बाभूयबी पाडा. मशीन हायच इथं."

गफ्फारनं मशीन खाली ठेवली, मिशी पुसली. "शेषरावभाऊ, पहले कोनतं पाडू? तुमचं जवळ हाय का ह्यायचं?"

"तू मजूर हाय का वकील बे?" शेषराव तापले. पण त्यांची नजर बरणीवरून हलेना. वाकडा ठिपका त्यांनी दोनदा वाकून पाहिला. मग गोपालकडे वळले. "तुही पोरगी लय शिकली. हरबरा पेरशीन तवा इहीर कोनाची हाय ते ध्यानात ठेव."

गोपालनं पोरीच्या खांद्याला धरलं. "चाल बेटा, सरक. निंबाचं काय, दुसरा लावू. पान्याचं कसं कराचं?"

वंदना पुढं झाली. तिनं नवऱ्याचा हात पोरीच्या खांद्यावरून काढला.

करिष्मा शेषरावांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"बाबा, माय, मी ठरोलं. गुन्हा येलाचा हाय, निंबाचा नाही. आपला येल मी आजच मुयीपासून खंदते. काकानं हो म्हनलं तं उद्या त्यायचाबी खंदून देतो, मी अन् आसमा. पन निंब देऊन पानी घ्याचं नाही. यंदा वावरात ओल लय हाय, करडी बिनपान्याची येते. आपुन हरबरा नाही, करडी पेरू."