तेविसाव्या पानाची नक्षी

मी मेंदीच्या नक्ष्यांची वही बोलतेय. आवाज जरा दबका वाटेल, कारण माझ्या अंगावर कापडाच्या चिंध्यांचं गाठोडं आहे. बरेच दिवस माझी कुणाला फारशी आठवणही होत नाही. पण सांगायचं आहे ते आता सांगूनच टाकते.

जन्माने मी साधी चित्रकलेची वही. शाळेसमोरच्या दुकानात आम्ही पंधरा-वीस जणी एकावर एक रचलेल्या होतो. बाकीच्यांच्या नशिबी डोंगर, झोपडी आणि उगवता सूर्य आला. मला उचललं ते नुकतंच लग्न झालेल्या एका बाईने. दुकानदाराने विचारलं, "कितवीत आहे पोरगं?" ती म्हणाली, "मलाच हवीये," आणि लाजून लाल झाली.

तिला सगळे ताई म्हणत. तिचा नवरा शिंपी, त्याला सगळे मास्तर म्हणत. खाली मास्तरांचं दुकान आणि वर दोन खोल्या. दुपारी मशीनचा खडखड आवाज जिन्यातून वर यायचा. त्या आवाजात ताई जमिनीवर पालथी पडून माझ्या पानांवर नक्ष्या काढायची. पहिल्या चार-पाच पानांवर बघवत नाहीत असे मोर आहेत. एकाची मान तर चक्क चमच्यासारखी झालीय. खोडरबराने माझा कागदही तिथे फाटला. पण ताई चिकाटीची. दहाव्या पानापासून तिचा हात वळला आणि विसाव्या पानानंतर तिने खोडरबर हातात घेतलंच नाही.

मग मेंदीसाठी नवऱ्या मुली येऊ लागल्या. जिना चढताना त्यांच्या आवाजावरूनच मला कळायचं, कोण हौशी आहे आणि कोण ओढून आणलेली. माणसं मला कशी चाळतात, हे बघण्यात माझी बरीच वर्षं मजेत गेली. नवरीची आई नेहमी शेवटून सुरुवात करायची, कारण शेवटी भरगच्च नक्ष्या असणार हे तिला पक्कं ठाऊक असायचं. मैत्रिणी बोट ओलं करून पानं उलटायच्या. माझ्या कोपऱ्यांवर ते डाग अजून आहेत. आणि नवरी? ती सगळ्यांच्या हो ला हो करायची, पण तिचं बोट एका पानात अडकवलेलं असायचं. ताईला एवढी खूण पुरायची. ती म्हणायची, "आईची हौस मनगटाच्या वर, आणि तळहात तुझा. चालेल?" बहुतेक भांडणं तिथेच मिटायची.

ताई मेंदी स्वतः भिजवायची. पाला चांगला आहे की नाही ते चिमटीत घेऊन, हुंगून बघायची. लिंबाचा रस आणि निलगिरीचं तेल, याशिवाय त्यात काही घालायची नाही. "रंग यायला वेळ लागतो," ती प्रत्येकीला बजावायची. "आज नारिंगी दिसेल, घाबरायचं नाही. दोन दिवसांनी बघ."

पण पुढे पुढे त्या दोन दिवसांची कुणाला सवड राहिली नाही. मुली मोबाइलमधले फोटो दाखवू लागल्या. समोरच्या इमारतीत एक पार्लर निघालं, तिथे तासाभरात काळीकुट्ट मेंदी रंगायची. ताईकडे येणाऱ्या कमी झाल्या. कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "त्यात केसांच्या कलपाचं औषध असतं. मी नाही लावणार ते कुणाच्या हाताला." हे तिला माहीत होतं. मी मुद्दाम सांगतेय, तिला माहीत होतं.

अशातच एका सकाळी बारकी आली. सोबत तिची काकू.

बारकीचे आईवडील ती लहान असतानाच गेले. काका-काकूंनी तिला वाढवलं, शिकवलं, वाचनालयात नोकरीला लागेपर्यंत तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या. काकू वाईट नव्हती हो. घरात धाक होता, पण पोरीच्या ताटात आधी वाढणारी बाई होती ती. फक्त तिच्या तोंडात एक वाक्य बसलं होतं. जिना चढताना बारकीची चप्पल लागत होती, तर काकू म्हणाली, "थोडं सोसावं गं. नवी आहे, सैल होईल."

लग्न महिनाभराने होतं, ते चार दिवसांवर आलं होतं. नवरा मुलगा परगावी नोकरीला होता आणि त्याची रजा अचानक मंजूर झाली होती. हॉल, आचारी, पत्रिका, सगळ्यांची नुसती धावपळ. मेंदीला लग्नाच्या आदल्या दिवशीची दुपार तेवढी शिल्लक होती.

बारकीने मला मांडीवर घेतलं. तिचे हात लांबट, स्वच्छ, बोटांच्या टोकांना पुस्तकांच्या शिक्क्याची जांभळी शाई. ती तेविसाव्या पानावर थांबली. मनगटापासून निघालेली एक बारीक वेल, तर्जनीपर्यंत चढत गेलेली, दोन्ही बाजूंना जोडीजोडीने पानं. बाकी तळहात मोकळा.

"एवढीशीच?" काकू म्हणाली. "लोक म्हणतील, मेंदी संपली वाटतं."

"मला हीच आवडली, काकू."

बारकीने स्वतःसाठी काही मागितलं असं क्वचितच झालं असावं, कारण काकूने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं. वेल ती तर वेल. पण रंग काळाभोर हवा, ताई."

"एका दिवसात नाही येणार."

"समोर येतो की."

"तिथे लावा मग," ताई म्हणाली. ती उठलीच होती. काकूने तिचा हात धरला आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "ताई, तुमच्याशिवाय मला कुणाचा भरवसा नाही. सासरच्या बायका आधी हातच बघणार. रंग फिका दिसला की म्हणतील, आईवेगळी पोर, कुणी लक्षच दिलं नाही. अठरा वर्षं मी हेच ऐकायला लागू नये म्हणून जीव आटवलाय."

ताई परत खाली बसली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्यातली नक्षी निवडली होती. आणि काकूचे डोळे भरले होते. ताई म्हणाली, "बघते."

त्याच दिवशी तिने बाजारातून कलपाच्या काळ्या पुडीचं पाकीट आणलं. चिमूटभर मेंदीत कालवून आधी स्वतःच्या मनगटाला लावलं आणि अर्धा तास बसून राहिली. काही झालं नाही. "चिमूटभरानं काय होतंय," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मी तरी काय उत्तर देणार?

आदल्या दिवशी दुपारी बारकीच्या घरी मला सतरंजीवर उशीला टेकवून उघडं ठेवलं होतं. खोलीभर साड्या, पिशव्या, खोकी. बायका ये-जा करत होत्या. ताईचा हात त्या दिवशी फार सुरेख चालला. कोन उचलला आणि वेल एका दमात तर्जनीपर्यंत गेली. माझ्या पानावर होती त्याहून सुंदर. दुसरा हातही तसाच.

अर्ध्या तासाने बारकी म्हणाली, "ताई, झोंबतंय."

काकू साडीला पिना लावत होती. वर न बघता म्हणाली, "रंग चढतोय. थोडं सोसावं गं."

बारकीने ताईकडे बघितलं. ताईचा चेहरा मला समोरून दिसत होता. तिला कळलं होतं. पाण्याची बादली चार पावलांवर होती. खोलीत दहा बायका होत्या, नक्षीचं कौतुक चाललं होतं, आणि ताई म्हणाली, "थोडा वेळ. वाळली की थांबेल."

त्यानंतर बारकी एक अक्षर बोलली नाही. हात मांडीवर उताणे ठेवून तीन तास बसली. कुणी काही विचारलं की हसायची. फक्त पायाचा अंगठा सतरंजीत रुतवत होती. ते मला दिसत होतं, कारण मी तिच्या पायाशीच होते.

हात धुतले तेव्हा रंग काजळासारखा निघाला. सगळ्यांनी वाहवा केली. काकूने ताईच्या डोक्यावरून हात फिरवला.

सकाळी ताईला बोलावणं आलं ते हॉलवरून नव्हे, दवाखान्यातून. बारकीचे हात सुजून टम्म झाले होते आणि वेलीच्या प्रत्येक पानावर पाण्याचा फोड. कालची पिशवी ताईने घाईत तशीच खांद्याला लावली होती, त्यामुळे मीही होते. तरुण डॉक्टरने विचारलं, "मेंदीत काही मिसळलं होतं?"

काकू जमिनीकडे बघत होती. ताई म्हणाली, "नाही. नेहमीचीच."

बारकीने ते ऐकलं. तिने मान भिंतीकडे वळवली.

लग्न त्या दिवशी झालं नाही. नवऱ्या मुलाची आई दवाखान्यात आली, लांबूनच हात बघितले आणि म्हणाली, "आधी बरी होऊ दे, मग बघू." बाहेर जाऊन ती दुसऱ्या बाईशी बोलली ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं. "कातडीचा रोग असणार. लपवला आपल्यापासून." मुलगा बिचारा पाच मिनिटं पलंगाशी उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला. आईने हाक मारली, तो गेला. रजा संपली. पुढे महिन्याने निरोप आला, दुसरीकडे जमवतोय.

ताई त्या दिवशी घरी आली आणि जेवली नाही. मास्तरांनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. मास्तर मितभाषी माणूस. ते एवढंच म्हणाले, "मग डॉक्टरला का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दवाखान्यात गेली आणि डॉक्टरसमोर काळ्या पुडीचं पाकीट ठेवलं. डॉक्टर पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत म्हणाला, "कालच बोलला असतात, बाई. औषध लगेच बदललं असतं." एका दिवसाने किती फरक पडला असता, ते त्यालाही सांगता आलं नाही. ताईला तर कुणाला विचारायचीच हिंमत झाली नाही.

त्यानंतर तिने कोन हातात धरला नाही. वरच बसून मास्तरांच्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावायला लागली. मला जिन्याखालच्या फळीवर ठेवलं. वर चिंध्यांचं गाठोडं आलं. ओल आली, माझ्या पुठ्ठ्याला कुबट वास धरला. शेवटच्या भरगच्च नक्ष्यांवर झुरळांनी आपली नक्षी काढली.

दीड वर्षाने बारकी आली. एकटीच.

"वही आहे अजून?" तिने विचारलं.

ताईच्या हातातली सुई खाली पडली. मला झटकून तिच्यासमोर ठेवलं. बारकीने तेविसावं पान काढलं आणि आपला हात त्याशेजारी उताणा ठेवला. वेल तशीच होती. मनगटापासून तर्जनीपर्यंत, जोडीजोडीची पानं. फक्त आता ती काळी नव्हती. पांढरट, उंचावलेली, जरा चकाकणारी कातडी झाली होती तिची.

"वाचनालयात पुस्तक देताना लोक विचारतात," ती म्हणाली. "एका मुलीला वाटलं, मुद्दाम कोरून घेतलंय. म्हणाली, छान आहे. मला मूळ नक्षी बघायची होती. खरंच छान होती का, की मलाच तेव्हा तसं वाटलं."

ताई रडत होती.

"तुमचा राग येतो, पण रोज नाही येत," बारकी म्हणाली. "माझा रोज येतो. एकदाच म्हणाले, झोंबतंय. दुसऱ्यांदा का नाही म्हणाले?"

"तू एकदा म्हणालीस," ताई म्हणाली. "एकदा पुरे होतं, बाळा. ऐकणारी मी होते."

बारकीने मला हळूच मिटलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि ताईनेही माफी मागितली नाही. जाताना दारातून एवढंच म्हणाली, "काकू हल्ली माझ्या हाताला रोज खोबरेल तेल लावते. काही उपयोग नाही, पण मी लावू देते." आणि जिना उतरून गेली. परत आली नाही.

गेल्या आठवड्यात एक मायलेकी विचारत विचारत वर आल्या. लग्न तीन दिवसांवर, मेंदी हवी. ताईने नाही म्हटलं. पण मग माझी आठवण होऊन मला काढून आणलं, तेविसावं पान उघडलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. बादली चार पावलांवर होती हेसुद्धा. दवाखान्यात खोटं बोलले हेसुद्धा. मुलगी ऐकत होती, तिने आपले हात ओढणीत घेतले. आईने मात्र मध्येच घड्याळ बघितलं. "आमच्या हिची कातडी तशी नाही हो. चल गं, समोर विचारू." त्या उतरू लागल्या.

ताईने मला खाली ठेवलं. मग पायात चपलाही न घालता जिन्यावरून धावत खाली गेली. खिडकीतून तिचा आवाज रस्त्यावरून येत होता, "अहो बाई, थांबा! ऐका तरी!" थोड्या वेळाने ती परत आली. पाय धुळीने भरलेले.

खाली मास्तरांनी मशीन थांबवलं आणि जिन्यातून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"नाही ऐकलं," ताई म्हणाली, आणि फॉल लावायला बसली.

मी आता परत त्या गाठोड्याखाली आहे. माझी पानं आता तपकिरी पडत चाललीयत, पहिले मोर तर जवळजवळ पुसले गेले. त्याचं दुःख नाही. वह्या जायच्याच. माझ्यासारखी एखादी वही तुमच्या घरी लग्नाच्या गडबडीत उघडली गेली, तर नक्षी बघून झाल्यावर एकदा नवरीच्या तोंडाकडेही बघा. ती काही म्हणतेय का, तेवढं ऐका. त्या दुपारी मला असं बोलता आलं असतं, तर उशीला टेकून मी गप्प बसले नसते.