काचेवरचा माणूस

‘पॉज केलंय. बंद केलंस तर बघ! आलोच,’ असं धाकट्या बहिणीला दटावून उत्तरेश्वर सायकलवर टांग टाकून गेला, तो कात्रजच्या चढावर ट्रकखालीच सापडला. साल शहाण्णव. घरात टीव्हीवर त्याच्या व्हिडिओ गेमच्या खेळातला लाल सदऱ्याचा माणूस खड्ड्याच्या काठावर, एक पाय उचलून तसाच उभा.

त्या खेळात सेव्हबिव्ह काही भानगड नव्हती. बंद केलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून विमलाबाईंनी, त्याच्या आईनं, टीव्हीला कुणाला हात लावू दिला नाही. तेराव्यानंतर एका दुपारी पडदा काळा दिसला.

‘लाईट गेले होते, आई,’ बारा वर्षांची भाग्यश्री म्हणाली. विमलाबाईंनी लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पण इतके दिवस तेच चित्र अडून राहिल्यानं काच जळली होती. टीव्ही बंद असला तरी तो माणूस पुसट दिसायचाच. सोळा वर्षं दिसत होता, आणि दिसला की भाग्यश्री नजर फिरवायची. बटण तिनंच दाबलं होतं ना!

आता हिंजवडीच्या पगारातून तिनं नवा टीव्ही घेतला. दसऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये ते जुनं धूड एकदाचं घालवायचं होतं. आई अडून बसू नये म्हणून तिनं तोच खेळ नव्या टीव्हीला जोडला, खेळत त्याच खड्ड्याशी आली आणि पॉज केलं.

‘बघ, दादाचा माणूस. किती स्पष्ट!’

विमलाबाई जवळ गेल्या. लाल चौकोन, पिवळे चौकोन. जुन्या काचेवर रंग एकमेकांत मिसळायचे. त्याला गाल होते, हसू होतं. इथं नुसत्या विटा.

‘हा नव्हं माझा,’ त्या म्हणाल्या.

दुकानाच्या माणसांनी जुना टीव्ही उचलला. काच उन्हात तिरपी झाली आणि तो दिसला, तसाच, पाय उचलून. भाग्यश्रीचा धीर सुटला.

‘आई, लाईट गेले नव्हते गं. मीच बंद केला. मला भीती वाटायची त्याची.’

‘ठाऊक हाय. डोक्यावर पंखा दुपारभर फिरत होता की.’

‘मग बोलली का नाहीस कधी?’

‘एक लेकरू गेलं होतं. दुसरं कुठं घालवू?’

भाग्यश्री हुंदके देऊन रडली. विमलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दाराकडे वळून म्हणाल्या, ‘ठेवा हो तो खाली. आलोच म्हणालाय त्यो.’