यंत्र वाचलं पाहिजे

आता ऐकणाऱ्याची चूक म्हणा की बोलणाऱ्याची, पण सगळा घोळ एका 'ने'मुळे झाला.

कंपनी मोबाइल आणि टॅबलेट बनवणारी. त्यांचे विभाग वरच्या मजल्यांवर, काचेचे, चकाचक. ई-रीडरचा विभाग मात्र तळमजल्यावर, गोदामाला चिकटून. ई-रीडर म्हणजे ते राखाडी, कागदासारख्या पडद्याचं, फक्त पुस्तक दाखवणारं यंत्र. त्यात ना गाणी, ना खेळ, ना फोन. ते बनवणाऱ्या इंजिनिअर बाईला सगळे शाईताई म्हणत. विभागात ती एकटीच उरली होती. बाकीचे एकेक करून वर गेले होते. म्हणजे वरच्या मजल्यावर हो, देवाघरी नव्हे.

एका सकाळी मोठ्या साहेबांचा चालत्या गाडीतून फोन आला. आवाज तुटत होता. "काहीही करा, पण ते यंत्र... वाचलं पाहिजे! नाहीतर विभागाला कुलूप!"

साहेबांना म्हणायचं होतं, यंत्र टिकलं पाहिजे. शाईताईने ऐकलं, यंत्राने वाचलं पाहिजे. मधला 'ने' तिने पदरचा घातला.

"यंत्रानेच वाचायचं, तर माणसांनी काय माशा मारायच्या?" ती पुटपुटली. पण नाही म्हणायची सोय नव्हती. विभाग बंद म्हणजे ई-रीडर बंद, आणि ई-रीडर बंद म्हणजे घरी सासूबाईंचं वाचन बंद. मोबाइल हातात घेतला की त्या उजेडाने त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. त्यांचा जुना रीडर शेवटच्या घटका मोजत होता. "हा गेला की मी काय भिंतीशी बोलू?" असं त्या रोज विचारत.

तेव्हा तिने कंबर कसली आणि वाचणारं यंत्र बनवलं. ते आपलं आपण पानं उलटायचं. पान बदलताना पडदा क्षणभर काळा व्हायचा, जणू पापणी लवली. चांगला मजकूर आला की रेंगाळायचं, निसर्गवर्णन आलं की दोन पानं गाळायचं. पुस्तक संपलं की पडद्यावर एकच शब्द उमटायचा: वाचलं. काय वाचलं ते विचारायची सोय नव्हती.

साहेब लालबुंद. "अहो बाई, मी काय सांगितलं होतं?"

"वाचलं पाहिजे म्हणालात. वाचतंय की!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. पण नशीब बघा! यंत्र बाजारात आलं आणि लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या. पुस्तकं घेऊन ठेवायची आणि मोबाइलच्या नादात प्रस्तावनाही संपवायची नाही, ही घरोघरची रड. आता सकाळी रीडर खिडकीत उजेडाला ठेवायचा, संध्याकाळी पुस्तक वाचून तयार. लोक एकमेकांना विचारू लागले, "तुमचं कुठवर आलं?" "आमचं जरा चिकित्सक आहे हो, तळटीपासुद्धा सोडत नाही."

वरच्या मजल्यांना पोटशूळ उठला. त्यांनीही प्रयत्न केला. मोबाइलने तिसऱ्याच ओळीला मान टाकली आणि तो शेजारच्या मोबाइलमध्ये काय चाललंय ते बघायला गेला. टॅबलेटने त्या पुस्तकावरचा व्हिडिओ लावला, तो अजून संपलेला नाही. एका जागी बसून वाचणं रीडरलाच जमलं. "मी आधीच सांगितलं होतं," असं साहेब आता सांगत फिरत होते.

इकडे सासूबाईंच्या जुन्या रीडरने राम म्हटला. शाईताईने मोठ्या कौतुकाने नवा आणून दिला.

"अगं सूनबाई, हे माझ्यापुढे पळतं!" सासूबाई कावल्या. "मी चष्मा पुसेपर्यंत याने नायिकेचं लग्न लावून टाकलं!"

त्यांनी दटावून पाहिलं, रुमाल टाकून अंधार करून पाहिला. रुमाल काढला की स्वारी पुन्हा चालू. शेवटी त्यांनी ते पालथं घातलं आणि त्या भिंतीकडे बघत बसल्या. ते शाईताईने पाहिलं. जगाच्या पुस्तकांची सोय लावली, आणि घरचंच माणूस उपाशी!

तिने यंत्र उघडलं, वाचणारी तार कापली आणि दोन बटणं बसवली. एक पुढे, एक मागे. सासूबाईंची कळी खुलली.

पण हरेक यंत्राची खबर कंपनीत जायची. तक्रार उमटली: यंत्र वाचत नाही, म्हातारी वाचते. हा भयंकर दोष होता. असलं यंत्र लोकांनी पाहिलं तर उद्या म्हणतील, आम्हीही वाचायचं की काय? मोठे साहेब जातीने घरी आले.

"द्या ते इकडे. जप्त! आणि सोमवारपासून तुमचा विभाग बंद."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "बस रे बाबा. एवढं पान होऊ दे."

साहेब बसले. मोबाइल काढला, ठेवला. मग तिरक्या नजरेने पानाकडे पाहिलं. मग खुर्ची थोडी सरकवली.

"आजी, ही विहिरीवर एकटीच का गेली?"

"मधूनच घुसलास तर कसं कळणार?" सासूबाईंनी मागचं बटण दाबलं. साहेबांचा मोबाइल वाजू लागला. तो त्यांनी उशीखाली दाबला.

"उलटू का?" सासूबाईंनी विचारलं.

"थांबा हो, माझ्या दोन ओळी राहिल्यात."

खिडकीतला उजेड कलला तेव्हा साहेब उठले. शाईताई स्वयंपाकघराच्या दारात जीव मुठीत धरून उभी होती. साहेबांनी घसा खाकरला. "हे जप्तच आहे. पण इथेच जप्त राहू द्या. मी उद्या तपासणीला येईन."

"ये. मी आहेच," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्याशिवाय पुढे जाऊ नका हं, आजी."

"आणि साहेब, विभागाचं?" शाईताईने भीत भीत विचारलं.

"बंद कसा करणार? तपासणी चालू आहे ना!"

दार लागलं. शाईताई मटकन खुर्चीत बसली. सासूबाईंच्या हातातल्या त्या राखाडी यंत्राकडे पाहून तिला रडू आणि हसू एकदमच आलं.

"वाचलं बाई एकदाचं!" ती म्हणाली.

सासूबाई ते उरल्यासुरल्या उजेडात धरून बसल्या होत्या.

"कुठे गं?" त्या म्हणाल्या. "अजून निम्मं बाकी आहे."