अंगाऱ्यावर जगणारी वासरं

उदगीरजवळच्या माळावर सकाळपासून गर्दी लोटली होती. नाक गळणारी, ढासणारी, दिवस मावळला की खुंट्याला धडकणारी वासरं घेऊन लोक बसले होते. पत्र्याच्या कुंपणापुढं बाजेवर बसून वीरण्णा महाराज डोळे मिटून गरजत होते.

"भूकंपात भुई फाटली! तिची आग जनावरांत शिरली! एकवीस दिस वासरू आत ठेवा. चारा न्हाई, औषध न्हाई, निव्वळ अंगारा! आन् सुई टोचली तर हमी न्हाई!"

गर्दीनं जयजयकार केला. त्यातल्या अर्ध्यांची पोरं डॉक्टर व्हायला लातूरच्या क्लासला होती.

गुरांची डॉक्टर नाझनीन कडेला उभी राहून दातओठ खात होती. याच अंगाऱ्यापायी लोक तिला दारातून परतवत होते. केवळाबाईनं परतवलं आणि आठवड्यात तिचं एक वासरू गेलं. आज तिच्या दुसऱ्या वासराचे कुंपणाआड एकवीस दिवस भरले होते.

दार उघडलं. वासरू उड्या मारत बाहेर आलं. नाक स्वच्छ, अंगावर तकाकी. केवळाबाई महाराजांच्या पायांवर पडली.

"बघा बाई," आपलं ढासणारं वासरू घेऊन बसलेला शेषेराव नाझनीनला म्हणाला, "तुमची डॉक्टरकी हितं चालत न्हाई."

तेवढ्यात वासरानं बाजेपुढंच शेण टाकलं. नाझनीन निरखून बघू लागली.

"महाराज, राखेवर जगलेल्या वासराचं शेण हिरवंगार कसं?"

"अंगाऱ्याचा प्रताप!"

"मावशी, तुम्ही बघा."

केवळाबाईचा जन्म गोठ्यात गेला होता. तिनं वाकून काडीनं शेण उकरलं.

"घरी कडब्याचं पिवळं टाकायचं," ती म्हणाली. "ह्यो तर हिरवा लसूणघास हाय!"

ती ताडकन उठली. आडव्या आलेल्या चेल्याला कोपरानं ढकलून आत घुसली. मागोमाग सगळी गर्दी. आत भरलेली विहीर, गुडघाभर लसूणघास आणि वासरांपुढं ताज्या कापलेल्या पेंढ्या!

"घास मंतरलेला हाय!" महाराज ओरडले. आवाज चिरकला होता.

"मग बिनमंतरलेला घालून बघू," नाझनीन म्हणाली. "अहो, वर्षभर नुसता वाळला कडबा. त्यात अ जीवनसत्त्व उरत नाही. ते नसलं की नाका-फुफ्फुसाचं अस्तर सुकतं, रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दुबळ्या पडतात, संध्याकाळी दिसेनासं होतं. बांधावरचा शेवग्याचा पाला घाला. आजारी वासराला मी सुई देते."

शेषेरावानं पाला घातला, सुईही टोचू दिली. तीन आठवड्यांत त्याच्या वासराची ढास थांबली. अंगाऱ्याचा कणही लागला नाही. महाराज तोवर बाज सोडून पसार झाले होते.

"तवा सुई घेतली आसती, तर माझं पहिलं जगलं आसतं का?" केवळाबाईनं विचारलं.

"बहुतेक जगलं असतं, मावशी," नाझनीननं खोटं सांगितलं नाही.

शेषेराव खाली मान घालून म्हणाला, "माझी पोरगी उज्ज्वला लातूरला ह्याच पांढऱ्या पेशी पाठ करायली. अंगारा आणा म्हणून तिचंच पत्र आलं होतं."

"पाठ करून मार्क मिळतील, काका. पण पुढचा कोणी महाराज आला, तर तिला म्हणावं, आधी विचार: वासरू खातंय काय? आणि कुंपणाच्या आत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ."