काटा खाली होता

बावीस वर्षं मी दोंडाईचात गाड्या दुरुस्त करतोय. भिकन मिस्त्री तोंडाचा फटकळ, हे गावाला ठाऊक आहे. पण उखर्डूला चारचौघांत जे बोललो, त्याची लाज अजून जात नाही.

उखर्डू अभयकुमार शेठचा ड्रायव्हर. धुळ्याच्या अलीकडे त्याच्या पिकअपचं इंजिन तापून बसलं. टोचन करून गाडी माझ्याकडे आणली, तेव्हा शेठसमोर तो एवढंच म्हणाला, "काटा शेवटलोंग खालेच व्हता, भाऊ."

"इंजिन उकळतंय आणि टेंपरेचरचा काटा खाली? झोपला होतास, सरळ सांग ना," मी म्हणालो.

शेठने त्याला तिथल्या तिथे काढलं. अकरा वर्षांची नोकरी गेली.

आठ दिवसांनी मी त्या गाडीच्या इंजिनावर दुरुस्त केलेलं हेड बसवलं, पाणी भरलं, इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने सहज हेडला हात लावला तर चटका बसला. काट्याकडे पाहिलं. खालीच. हवा काढायचा वरचा बोल्ट सैल केला, तर आधी फुसफुसत हवा आली आणि मग पाणी. आत हवा अडकली की इंजिन तापतं, पण सेन्सर कोरडा राहतो आणि काटा हलत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

इंजिन तापून बसायच्या आदल्याच दिवशी मी ह्या गाडीचा पाण्याचा पाइप बदलला होता. गाडीचं तोंड चढावर लावून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढायची असते. अर्धा तास जातो. पण त्या सोमवारी कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक गल्लीत आली, वाजंत्री ऐकू आली, आणि मी झाकण लावून नाचायला पळालो.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. हा विचारही मनात आला, खोटं कशाला सांगू.

उखर्डू मार्केटात हमाली करत होता. त्याला घेऊन शेठच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर सगळं सांगितलं.

शेठ हसले. "मिस्त्री, मन मोठं आहे तुमचं. गरिबासाठी स्वतःच्या अंगावर घेताय."

"नाही शेठ, हवा मीच काढली नव्हती."

"बरं बरं. तुमच्या शब्दाखातर परत घेतो. पण पुन्हा झोपला तर मला सांगायला येऊ नका."

गिऱ्हाइकं माझ्याकडे कौतुकाने बघत होती. उखर्डू वाकून माझ्या पाया पडला. मी त्याचे खांदे धरून त्याला उठवलं.

"अरे, काटा खाली होता. तू स्वतः बघितलास ना?"

तो खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही त्या दिन सांगं ना भाऊ, मंग मन्हाच डोया लागना व्हई."