मिटता न आलेली पानं

जुना म्हणा मित्रांनो, मला त्याचं काही वाटत नाही. वय झालंच आहे. पण 'मंद' म्हटलेलं मात्र अजून लागतं, कारण मी मंद कधीच नव्हतो. मी अडकलो होतो. ते कसं, ते आज तुम्हाला सांगतो.

मी एक घरगुती संगणक. काशीत राजा घाटाच्या वरच्या गल्लीत ढुंढिराज गुरुजींच्या घरी, देवघराशेजारच्या कोनाड्यात माझा मुक्काम असतो. माझे अवयव कुठकुठल्या कारखान्यांत घडले आणि त्यांची मोट बांधली शहरातल्या एका दुकानदाराने. गल्लीत रिक्षा शिरत नाही, म्हणून गुरुजींनी मला स्वतः खांद्यावर घेतलं. वाटेत एक सांड, म्हणजे मोकाट वळू, आडवा बसला होता. तो उठेपर्यंत ते मला तसंच धरून उभे राहिले, दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. इतका मान मला पुढे क्वचितच मिळाला.

पहिली वर्षं मजेत गेली. गुरुजींची मुलगी मधुवंती तेव्हा शाळेत जायची आणि माझ्या पडद्यावर माउसने वाकडीतिकडी चित्रं काढायची. गुरुजींचं काम वेगळं होतं. वाई, सातारा, सोलापूर इकडचे यजमान धार्मिक विधींसाठी काशीला येतात. त्यांच्यासाठी गुरुजी ब्राउझर उघडून तिथी पाहायचे, गाडी किती उशिरा येतेय ते पाहायचे, गंगेचं पाणी कुठवर चढलं तेही पाहायचे. दसऱ्याला पोथ्यांबरोबर माझीही पूजा व्हायची. झेंडूची फुलं डोक्यावर घेऊन मी दिवसभर ऐटीत बसायचो.

मग ब्राउझरमध्ये पानं साचायला लागली.

एकदा उघडलेलं पान बंद करायचं नाही, असा गुरुजींनी नियमच करून टाकला होता. त्याला कारणही तसंच होतं. मांडलेली पूजा उत्तरपूजा केल्याशिवाय हलवत नाहीत. अक्षता वाहायच्या, देवाला 'पुनरागमनाय च', म्हणजे पुन्हा या, असं म्हणायचं, आणि मगच मांडणी उचलायची. ज्यांचा जन्म या मांडण्यांत गेला, त्यांना यजमानासाठी उघडलेलं पान नुसतं बटण दाबून घालवणं जिवावर यायचं. यजमान आपापल्या गावी पोहोचले, पानं मात्र उघडीच. संध्याकाळी मला बंद केलं तरी सुटका नव्हती. सकाळी सुरू होताच जुनी सगळी पानं आपोआप परत यावीत, अशी सोय त्यांनी कुणाकडून तरी करून घेतली होती. रोज डोळे उघडावेत आणि छातीवर कालचीच गर्दी बसलेली असावी, असं माझं आयुष्य झालं. नवं पान मागितलं की पांढरा पडदा आणि त्यावर गरगर फिरणारं चक्र. माझा जीव गुदमरायचा आणि लोकांना वाटायचं, हा झोपा काढतोय.

मधुवंतीला खरं दुखणं माहीत होतं. एकदा तिने काही पानं गुपचूप मिटली, तर गुरुजी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर तिने हात लावला नाही. मग संगणक दुरुस्त करणारा ऋतुराज आला. त्याने माझी धूळ उडवली, वेग वाढवणारं म्हणून आणखी काहीतरी माझ्यात कोंबलं, त्याचंच ओझं वेगळं झालं, आणि जाताना म्हणाला, "गुरुजी, ये बूढ़ा हो गया. नया ले लीजिए."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे बाबा, मी धडधाकट आहे, ती पानं तेवढी मिट. पण माझ्या पडद्यावर मी दुसऱ्याने मागितलेलंच दाखवू शकतो. आपलं दुखणं आपल्याला कळावं आणि सांगता येऊ नये, यासारखी कोंडी नाही.

यंदा मधुवंतीला पुण्याच्या एका संस्थेत भाषाशास्त्र शिकायला जायचं होतं. प्रवेशपरीक्षा ऑनलाइन होती. ती संगणकावरच आणि बंद खोलीत, कॅमेऱ्यासमोर एकटीने द्यायची, त्यामुळे मोबाइल किंवा कॅफे चालणार नव्हता. ही संधी हुकली असती तर वर्ष गेलं असतं, आणि पुढच्या वर्षी बाबा इतक्या लांब जाऊ देतील याची तिला खात्री नव्हती. त्या दुपारी ती माझ्यापुढे बसली. परीक्षेचं पान अर्धं उघडलं आणि थांबलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या लहानपणापासून तिच्यासमोर बसलो आहे, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"बाबा, हा नाही चालत आहे. तुमची पानं हटवावी लागतील," ती म्हणाली.

"यजमानांची आहेत ती, मधू. अशी मधेच कशी उठवायची? अच्छा नाही वाटत."

"मग उत्तरपूजा करा ना त्यांची. मी एकेका पानाची खूण ठेवते. पाहिजे तेव्हा परत बोलवू. पुनरागमन म्हणजे तेच ना?"

गुरुजी उठले. मग देवघरातून अक्षतांची वाटी घेऊन आले. मधुवंती खूण ठेवायची, गुरुजी माझ्यापुढे अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हणायचे आणि पान मिटायचं. सोलापूर गेलं, वाई गेली, कुठल्याशा पावसाळ्यातला पूरही एकदाचा ओसरला. ऋतुराजने कोंबलेलं ते प्रकरणसुद्धा तिने काढून टाकलं. मी मोकळा होत चाललो होतो.

शेवटी एक पान राहिलं. ते वधू-वर मंडळाचं होतं. काशीतलीच मराठी स्थळं तिथे निवडून ठेवलेली होती, मुलगी घाट सोडून लांब जायला नको म्हणून. मधुवंतीने ते आजवर पाहिलं नव्हतं. तिचा हात थांबला.

"याची पण खूण ठेवू?" तिने हळूच विचारलं.

 गुरुजींनी वाटी खाली ठेवली, माउस स्वतःच्या हातात घेतला आणि पान मिटलं. या वेळी 'पुनरागमनाय च' म्हटलं नाही.

"बस आता. टाइम होतो आहे," एवढंच म्हणाले, आणि दार ओढून बाहेर जाऊन बसले, कुणी आत येऊ नये म्हणून.

परीक्षेचं पान ताबडतोब उघडलं. प्रश्नामागून प्रश्न मी तिच्यापुढे ठेवत गेलो आणि एकदाही अडखळलो नाही. तिने शेवटचं उत्तर पाठवलं आणि दार उघडलं, तेव्हा गुरुजी अजून तिथेच बसलेले होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी अडखळत चालत असेल, तर त्याला म्हातारा ठरवून अडगळीत टाकू नका. आधी बघा, त्याच्यावर तुम्ही काय काय उघडं ठेवलं आहे. काम झालेलं मिटा, साचलेलं पुसा, नको ते काढून टाका. हे तुम्हालाच करावं लागेल. आम्ही कितीही गुदमरलो तरी आपलं आपण एक पानही मिटू शकत नाही.